गावांची प्रतवारी आणि आपली वस्ती

(बौद्ध कार्यकर्त्यांच्या एका तालुका शिबिरात दिलेले व्याख्यान)



आज ज्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे तो विषय कानाला रूक्ष वाटणारा आहे. ग्रामविकासाच्या नियोजनासाठी गावांचे वर्गीकरण, हे नाव अध्यक्षांनी उच्चारताच मागच्या रांगेतील काही भगिनींनी एकमेकींकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. दोन दिवस या मंडपात धम्मावर प्रवचने झाली. त्यांच्या मागोमाग तक्ते आणि टक्केवारी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या वाड्यातल्या नळाला पाणी येणार की नाही, भर पावसाळ्यात आपले लेकरू चिखल न तुडवता शाळेत पोहोचणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा गावाचे नाव कोणत्या यादीत आणि कोणत्या रकान्यात बसले यावरच होऊन गेलेला असतो. तो निर्णय होताना आपण तेथे नसतो, आणि तो झाल्याचे आपणांस कळतही नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावे आहेत. एकट्या महाराष्ट्रात ती ४३ हजार ६०० च्या आसपास असून त्यांपैकी काही उजाड आहेत. इतक्या गावांना सर्व काही एकाच वर्षी देता येत नाही. म्हणून गावे मोजावयाची, त्यांची एकमेकांशी तुलना करावयाची, मागासलेले कोणते आणि पुढारलेले कोणते हे ठरवावयाचे, आणि त्या क्रमाने पैसा द्यावयाचा, ही पद्धत आहे. या पद्धतीला माझा विरोध नाही. जिरायत आणि बागायत यांना एकच हिशेब लावणारा शेतकरी बुडतो, तसेच सर्व गावांना एका मापाने मोजणारे शासनही बुडेल. माझा प्रश्न निराळा आहे. मोजताना घटक कोणता धरला, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडे गाव हाच घटक मानण्याची सवय फार जुनी आहे. दुष्काळाची पैसेवारी घ्या. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या या पद्धतीत पीक किती आले याचा अंदाज गावाचा म्हणून निघतो; पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की ते गाव टंचाईच्या यादीत येते, वर राहिली की येत नाही. गावातल्या कोणाच्या विहिरीला पाणी होते आणि कोणाला शेतच नव्हते, हे पैसेवारी विचारीत नाही. भूमिहीन मजुराचे पीक शून्य पैसे असते आणि ते दर वर्षीच असते. त्याच्यासाठी रकाना नाही.

घटक चुकला की सारा हिशेब चुकतो, हे पूज्य बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर त्यांनी एक निबंध लिहिला. त्या काळी सर्व विद्वान एकरांची संख्या पाहून शेत किफायतशीर आहे की नाही हे ठरवीत होते. बाबासाहेबांनी विचारले की, नुसत्या क्षेत्रफळावरून शेत लहान की मोठे हे कसे ठरेल? त्या शेताला भांडवल किती, अवजारे किती, राबणारे हात किती, यांच्याशी प्रमाण जुळवून पाहिल्यावाचून त्या शब्दांना अर्थच नाही. पुढे तीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधानसभेत मसुदा मांडताना ग्रामव्यवस्थेविषयी त्यांनी जे कठोर उद्गार काढले ते आपण सर्व जाणता. त्या भाषणातील एका मुद्द्याकडे मात्र थोड्यांचे लक्ष जाते. मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला घटक मानले, याबद्दल त्यांनी तेथे समाधान व्यक्त केले होते. त्याच महिन्यात ग्रामपंचायतीविषयीची दुरुस्ती सभेपुढे आली, ती त्यांनी स्वीकारली आणि आजचे ४० वे कलम संविधानात आले. तेव्हा ते पंचायतीचे शत्रू होते असा अपप्रचार कोणी करू नये. परंतु हक्कांचा घटक व्यक्ती हाच राहिला. हक्क व्यक्तीचे आणि विकास मात्र गावाचा, अशी ही विसंगती आपल्या राज्यकारभारात तेव्हापासून घर करून बसली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात ४०० घरे आहेत. ३४० घरे गावठाणात आणि ६० घरे आपल्या वाड्यात. गावठाणातील प्रत्येक घरी नळ आहे. वाड्यात एकाही घरी नाही. तालुक्याच्या कचेरीत त्या गावाच्या नावापुढे काय लिहिले जाईल? नळजोडणी ८५ टक्के. आता शेजारचे दुसरे गाव घ्या. तेथेही घरे ४००, परंतु गावठाण आणि वाडा दोन्हीकडे मिळून तुटक तुटक २४० घरी नळ आहेत, म्हणजे ६० टक्के. प्रतवारी लावणारा अधिकारी कितीही सज्जन असला तरी दुसऱ्या गावाला आधी पैसा देईल, कारण ते मागासलेले ठरले. पहिल्या गावातला वाडा ८५ च्या आकड्याखाली गाडला गेला. त्यात कोणी खोटे लिहिले नाही, कोणी कायदा मोडला नाही. सरासरीने ते काम निमूटपणे केले. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून अनेक वर्षे असले तक्ते हाताळले आहेत, आणि आपणांस सांगतो की शंभरातले उरलेले पंधरा कोठे राहतात हे विचारणारा रकाना मला त्यांत फार क्वचित दिसला.

पाण्याचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १९७२-७३ साली केंद्राने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा वेगवर्धित कार्यक्रम सुरू केला, त्याच्या आधी 'समस्याग्रस्त गावे' शोधण्यात आली. ज्या गावाला १.६ किलोमीटरच्या आत, किंवा डोंगरात १०० मीटर चढ-उताराच्या आत, पाण्याचे ठिकाण नाही ते समस्याग्रस्त. येथे घटक गाव होता. गावात विहीर असली की समस्या संपली. त्या विहिरीवर कोणाला चढता येते हा प्रश्न त्या व्याख्येत नव्हता. आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर पाऊल टाकल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी ही व्याख्या लिहिली गेली, हे ध्यानात ठेवा. त्या तळ्यात पाणी नव्हते म्हणून तो सत्याग्रह झाला नव्हता.

नंतर नव्वदच्या दशकात गावाऐवजी वस्ती मोजली जाऊ लागली. दर माणशी दर दिवशी ४० लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक हातपंप असे माप ठरले, आणि वस्त्यांचे तीन वर्ग झाले: पाणी न पोहोचलेल्या, अंशतः पोहोचलेल्या आणि पूर्ण पोहोचलेल्या. ही मोठी सुधारणा होती. अनेक वाड्यांतला पहिला हातपंप याच मोजणीमुळे आला. आपल्यातील वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने त्याही पुढे जाऊन प्रत्येक घर हा घटक मानला आणि माप ५५ लिटरवर नेले. गाव, मग वस्ती, मग घर. मोजण्याचा घटक जसजसा लहान होत गेला तसतसा आपला माणूस कागदावर दिसू लागला. जे लोक म्हणतात की वर्गीकरण हे कारकुनांचे काम आहे, आंदोलनाचे नव्हे, त्यांनी हे पाहावे.

परंतु येथेही एक मेख आहे. एखादे गाव 'हर घर जल' झाल्याचे प्रमाणित करावयाचे तर नुसता अधिकाऱ्यांचा अहवाल पुरत नाही. ग्रामसभेने तसा ठराव करावा लागतो. म्हणजे सर्व घरी नळाने पाणी येते, असे गावाने भर सभेत म्हणावयाचे असते. आपल्या वाड्यातल्या नळाची तोटी बसली, फोटो निघाला आणि पाणी मात्र पाइपलाइनच्या शेवटापर्यंत चढत नाही, अशी स्थिती असेल आणि आपण त्या सभेला गेलोच नाही, तर तो ठराव एकमताने मंजूर झाला असेच इतिवृत्तात लिहिले जाईल. एकमतात आपलेही मत धरले जाते, हे लक्षात असू द्या.

रस्त्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिने गाव न धरता वस्ती हाच घटक धरला, म्हणून आपण तिचे स्वागतच केले पाहिजे. आधी हजारांवरील वस्त्या, मग पाचशेंवरील, आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात अडीचशेंवरील, असा क्रम लावला गेला. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही सपाट प्रदेशासाठी २०११ च्या जनगणनेतील ५०० लोकसंख्येचीच अट आहे. आता नियमाची दुसरी बाजू पाहा. लोकसंख्या मोजताना ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्या एकत्र धरावयाच्या. आणि पक्क्या रस्त्यापासून किंवा रस्त्याने जोडलेल्या वस्तीपासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती ही जोडलेलीच समजावयाची. डोंगराळ भागात हे अंतर दीड किलोमीटरचे आहे.

हा नियम करणाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. दोन मळ्यांना दोन रस्ते देता येत नाहीत, एवढाच त्याचा विचार असावा. परंतु देशावरचे आपले वाडे कोठे आहेत? गावठाणापासून दोनशे-तीनशे मीटरवर, ओढ्यापलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला. ते तेथे आपण होऊन गेले नाहीत. स्पर्श होऊ नये इतके दूर आणि हाक मारताच कामाला येता यावे इतके जवळ, असे ते अंतर शतकांपूर्वी कोणीतरी मोजून ठेवले आहे. नेमके तेच अंतर ५०० मीटरच्या आत पडते! डांबरी रस्ता गावठाणाच्या वेशीपर्यंत आला की वाडा कागदावर जोडला गेला. मधला ओढा मात्र जुलै महिन्यात ओलांडून दाखवावा लागतो.

कोकणात चित्र वेगळे आहे. तेथे एकवटलेले गावठाण क्वचित. एका महसुली गावात दहा-बारा वाड्या डोंगर-उतारावर पसरलेल्या, त्यांतली एक बौद्धवाडी. तेथे अंतराचा नियम आपल्याला मदत करू शकतो. परंतु लोकसंख्येची अट आडवी येते, कारण मुंबईच्या गिरण्या आणि गोदी यांनी त्या वाड्या कधीच रिकाम्या केल्या. एकच नियम घाटावर एका कारणाने आणि घाटाखाली दुसऱ्या कारणाने आपल्याला वगळतो.

म्हणून माझे असे मत आहे की आपल्या वस्त्यांची प्रतवारी आपण स्वतः करावी, आणि ती डोक्यांच्या संख्येवर न करता गावठाणाशी असलेल्या संबंधावर करावी. मला तरी चार प्रकार दिसतात. गावठाणाला चिकटून असलेल्या वाड्याचा रोग गटाराचा आणि पाइपच्या शेवटच्या टोकाचा असतो. त्याला नवी योजना नको, असलेल्या योजनेचा दाब आणि उतार सुधारून हवा. ओढ्याने किंवा शेताने तुटलेल्या वाड्याला एक लहान पूल किंवा फरशी हवी असते, आणि ती कोणत्याही मोठ्या योजनेत बसत नाही. तिसरा प्रकार धरणग्रस्तांचा: नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, पण जुन्या गावाच्या नोंदी तिकडे आणि नव्याच्या इकडे, यात माणूस दोन्ही यादींतून गळतो. चौथा प्रकार सर्वांत कठीण, तो म्हणजे गायरानावर वसलेल्या वस्तीचा. तिच्या पायाखालची जमीनच नोंदीत तिची नाही. २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले; ज्यांची घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर आहेत त्यांनी आपली वस्ती त्या नकाशात आली की नाही हे आधी पाहावे. या चार वस्त्या एकाच 'मागासवर्गीय वस्ती' या नावाखाली घातल्या आणि चौघींनाही सभामंडप मंजूर केला, असे मी पुष्कळ पाहिले आहे. सभामंडपाला माझी हरकत नाही. पण ओढ्यापलीकडच्या सभामंडपात पावसाळ्यात सभा भरत नाही.

अलीकडे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने सर्व देशातील ग्रामपंचायतींची एक नवी प्रतवारी केली आहे. तिला पंचायत प्रगती निर्देशांक म्हणता येईल. दारिद्र्यमुक्ती, आरोग्य, बालक, पाणी, स्वच्छता, पायाभूत सोयी, सामाजिक न्याय, सुशासन आणि महिला अशा नऊ विषयांवर गुण देऊन पंचायतींना पाच पायऱ्यांवर बसविले आहे. २०२२-२३ या वर्षाचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत २ लाख १६ हजार २८५ पंचायतींची माहिती तपासून घेतली होती. ९० गुणांवरच्या पहिल्या पायरीवर एकही पंचायत नाही. दुसऱ्या पायरीवर ६९९, तिसऱ्या पायरीवर ७७ हजार २९८, चौथीवर १ लाख ३२ हजार ३९२ आणि शेवटच्या पायरीवर ५ हजार ८९६ आहेत. निकाल प्रामाणिक आहे असे म्हणावे लागेल. सर्व गावे उत्तम आहेत असे सांगण्याचा मोह तरी टाळला आहे. परंतु येथे घटक पुन्हा मोठा झाला. घटक ग्रामपंचायत आहे, गावदेखील नव्हे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि गावे ४३ हजारांवर, म्हणजे पुष्कळ ठिकाणी दोन-तीन गावे एकाच पंचायतीत. सामाजिक न्याय हा नवांतला एक विषय. त्यात गुण कमी पडले तरी दिवे, इमारती आणि संगणक यांच्या बळावर पंचायत वरच्या पायरीवर चढू शकते. विषयवार गुण वेगळे दिलेले असतात. तेव्हा आपल्या पंचायतीची एकूण पायरी विचारू नका. सामाजिक न्यायाच्या विषयात किती गुण पडले आणि ते कोणत्या माहितीवरून पडले, तेवढे विचारा.

आता मी एका नाजूक विषयाकडे वळतो. तो नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचा आहे.

केंद्राची एक योजना अनुसूचित जातींची वस्ती जास्त असलेल्या गावांना आदर्श ग्राम करण्याची आहे. २००९-१० साली ती प्रथम एक हजार गावांत सुरू झाली, तेव्हा अट अशी होती की गावात अनुसूचित जातींचे लोक निम्म्याहून अधिक असावेत. २०२१-२२ पासून ही योजना दुसऱ्या योजनांत विलीन झाली आणि अट ४० टक्क्यांवर आली. गावाची लोकसंख्या किमान ५०० हवी. गावाची निवड जनगणनेच्या आकड्यावरून होते. समजा, एका गावात १२०० लोक आहेत आणि त्यांपैकी ५०० आपल्या वाड्यात राहतात. प्रमाण ४१ टक्क्यांहून अधिक, गाव पात्र. त्यांतल्या ३० माणसांनी जनगणनेत धर्म बौद्ध लिहिला आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात काहीच लिहिले नाही, किंवा तेथेही 'बौद्ध' असेच लिहिले. आता अनुसूचित जातींची संख्या ४७० झाली, प्रमाण ३९ टक्क्यांवर आले, आणि सबंध गाव यादीतून गेले. ३० माणसांच्या नोंदीने ५०० जणांचा दावा पडला.

हा प्रश्न काल्पनिक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी दीक्षा घेतली त्यांना केंद्राच्या यादीतून बाहेर पडावे लागले होते. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे आपल्या लोकांपुढे धम्म की सवलत असा पेच उभा होता, आणि लक्षावधींनी धम्म निवडला, याचा मला अभिमान आहे. १९९० पासून तो पेच कायद्याने संपविला आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले आणि त्यांपैकी अनुसूचित जातींत मोजले गेले ते ५२ लाख ४ हजार. मधल्या सुमारे १३ लाखांत इतर समाजांतून आलेले बौद्धही असतील; परंतु सर्वच तसे असतील असे मला वाटत नाही.

मला ठाऊक आहे की येथे बसलेल्या अनेकांना हे ऐकताना वेदना होत असतील. जे नाव आपण टाकून दिले ते पुन्हा सरकारी माणसापुढे का उच्चारावे? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मुखाने ते का सांगावे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही, आणि ज्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याला मान्यता देत नाही त्यांच्यावर मी सक्ती करणार नाही. माझे म्हणणे इतकेच की ती नोंद श्रद्धेची नाही. जिने आपल्यावर अन्याय केला त्या व्यवस्थेविरुद्धच्या दाव्यातली ती एक नोंद आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध, हे निःसंकोच आणि ठळक लिहावे. आणि आपले कुटुंब ज्या अनुसूचित जातीतून आले तिचे यादीतले नाव त्या रकान्यात द्यावे. दोन रकाने, दोन प्रश्न, दोन उत्तरे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत सर्वच जातींची गणना करण्याचे जाहीर केले आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरविली. तेव्हा हा निर्णय प्रत्येक घराने आधीच बसून, घरातल्या स्त्रियांसह, विचार करून घ्यावा. गणनाकार दारात उभा राहिल्यावर नव्हे.

आदर्श ग्रामाची अट कितीही खाली आणली तरी महाराष्ट्रात तिचा लाभ थोड्याच गावांना मिळेल, हेही सांगून ठेवतो. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती ११.८१ टक्के. आपले लोक गावोगाव थोडे थोडे विखुरलेले आहेत. जेथे बहुसंख्या तेथे विकास, असे माप लावले तर बहुतेक वाडे मापाबाहेर पडतात. त्या वाड्यांसाठी राज्याची जुनी दलित वस्ती सुधार योजना अधिक उपयोगी आहे, जिला आता अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे नाव आहे. तीत टक्केवारी नाही. वस्ती हाच घटक, आणि तिच्या लोकसंख्येप्रमाणे अनुदानाचे टप्पे. परंतु पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात वस्तीचे नाव आणि तिची लोकसंख्या नोंदलेली नसेल तर त्या वस्तीला काहीच मिळत नाही. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. पण नाव बदलताना काही ठिकाणी आराखड्यात जुने नाव आणि पंचायतीच्या दप्तरात नवे नाव, अशी फारकत होऊ शकते. नावे जुळतात का, एवढे पाहून या.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. ही रक्कम लहान असते, कित्येक पंचायतींत फारच लहान. तरी ती कोठे गेली हे विचारण्याचा सराव असावा. लहान रकमेचा हिशेब मागणारा मोठ्या रकमेच्या वेळी अडखळत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि अर्ज साध्या कागदावर करता येतो.

शेवटी ग्रामसभेविषयी. गावाचा विकास आराखडा तेथे मंजूर होतो. 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने तो करण्याची पद्धत आपल्या राज्यात चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशांबरोबर २०१५ नंतर आली. आपले लोक सभेला जात नाहीत, आणि न जाण्याची कारणे मला ठाऊक आहेत: मजुरी बुडते, बसावयास जागा मिळत नाही, बोलल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणे येत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये. सभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती असते. मघाच्या उदाहरणातल्या ६० घरांतून प्रत्येकी दोन माणसे गेली तर १२० होतात. वाड्याच्या बळावर सभा भरते. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावयाची असते; भगिनींनी पाण्याचा प्रश्न तेथेच लेखी नोंदवून ठेवावा, म्हणजे मुख्य सभेत तो नव्याने मांडण्याचा संकोच राहणार नाही.

सभेला रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या शाळकरी मुलामुलींकडून एक तक्ता करून घ्या. घरमालकाचे नाव आणि पंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद आहे की नाही. नळ आहे का, आणि असल्यास किती दिवसांआड किती घागरी पाणी येते. संडास आहे का, त्याला पाणी पोहोचते का. दिव्याचा खांब किती पावलांवर. आणि पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद होता. अंतर मीटरमध्ये मोजता आले नाही तर पावलांत लिहा, पण मोजून लिहा. त्याची एक प्रत पंचायतीच्या अधिकाऱ्याला, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो त्यांना, देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गावाच्या आकड्याशेजारी वस्तीचा आकडा वेगळा लिहावा, अशी सूचना सभेत मांडून तिला अनुमोदन देणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते. तक्ता १५ ऑगस्टपूर्वी तयार असला तर दोन्ही सभांत तो वाचता येईल.